दोन्ही टोकांची काजळी

हेमराजनं ते लाकूड आधी बोटांनी ओळखलं, डोळ्यांनी मागाहून. चंद्रपूरच्या तुकुम भागातल्या एका नव्या बंगल्यासमोर ट्रक उभा होता, हाताखालचा बिरजू आणि तो एकेक जुनी तुळई खांद्यावरून हॉलमध्ये आणून लाकडी घोड्यांवर ठेवत होते, आणि चौथ्या खेपेला हेमराजचा अंगठा लाकडाच्या पोटाकडच्या एका गुळगुळीत चौकोनावर गेला. सगळं लाकूड खरबरीत आणि तेवढा चौकोन मात्र घासून बसवलेला. सुताराला लाकडाला लावलेलं ठिगळ हाताला कळतं, त्यात नवल काही नाही. पण हे ठिगळ हाताला नुसतं कळलं नाही, ते आठवलं. त्यानं तुळई घोड्यावर टेकवली, गुडघ्यावर बसून खालून पाहिलं, थुंकी लावून बोटानं काजळी पुसली. आतून टेंभुर्णीच्या गाभ्याचं काळंभोर लाकूड निघालं, वीतभर लांब, चार बोटं रुंद, एक कोपरा किंचित तिरपा. तो कोपरा तिरपा का गेला तेही त्याला ठाऊक होतं. बावीस वर्षांपूर्वी तो कोपरा कापताना त्याची बायको मैना मागून येऊन उभी राहिली होती.

आता हे लाकूड तिथं कसं आलं ते सांगायला हवं. बंगला एका डॉक्टरांचा, आणि त्याचं आतलं काम नागपूरच्या डिझायनर पायल मॅडमच्या कागदाबरहुकूम चाललं होतं. मॅडमनी डॉक्टरांना पटवून दिलं होतं की वरचा स्लॅब नुसता पांढरा ठेवला तर घर दवाखान्यासारखं दिसेल. त्याच्याखाली जुन्या घरांच्या सागवानी तुळया उघड्या टांगायच्या, पाहुणा आत आला की त्याची मान आपोआप वर गेली पाहिजे. पाच तुळया, दोन-दोन हातांच्या अंतरानं. भार कशाचा म्हणाल तर कशाचाच नाही, सिमेंटचं छत आपलं आपण उभं आहे. तुळया नटबोल्टांनी त्यालाच लटकायच्या. हेमराजला पहिल्यांदा ऐकून हसू आलं होतं. घर ज्यांच्यावर उभं राहायचं तीच लाकडं आता घराला लोंबकळणार. पण सोळा वर्षं चंद्रपुरात इंटिरिअरचं काम करणारा माणूस असल्या गोष्टींवर फार वेळ हसत नाही. त्यानं कागद पाहिला, मापं घेतली आणि लाकूड कधी येते म्हणून विचारलं. गावोगावची मोडलेली घरं विकत घेऊन त्यांची दारं, खांब, तुळया शहरात आणून विकणारा एक व्यापारी होता, त्याच्याकडून ती येणार होती. त्या व्यापाऱ्याला हेमराज ओळखत होता. गेल्या सालीच त्यानं आपलं गावचं घर त्यालाच देऊन टाकलं होतं. किल्ली शेजारच्या गिरजाबाईकडे आहे एवढं सांगून. घर उतरवताना तो गेला नाही. हातात काम होतं, आणि खरं सांगायचं तर धीर नव्हता.

सावली या तालुक्याच्या गावापलीकडे वैनगंगेच्या अंगाला ते गाव, धानाच्या बांध्या आणि एक मोठा तलाव. लग्नाच्या दुसऱ्या साली हेमराजनं तिथं घर बांधायला घेतलं. खांब बापानं उभे करून ठेवले होते आणि उरलेलं काम पोराच्या हाती दिलं होतं, कारण म्हाताऱ्याला आता आखलेली रेघ दिसत नव्हती. घराचं मुख्य लाकूड म्हणजे आडं, छपराच्या ऐन पाठीवरचं, दोन्हीकडचे वासे ज्याच्यावर टेकतात ते. तिकडच्या सुतारांची रीत अशी की आड्याचा बुंधा दक्षिणेला आणि शेंडा उत्तरेला, झाड उभं असताना जसं त्याला वर-खाली होतं तसं आडवं झाल्यावरही त्याला राहू द्यायचं. उलटं पडलं तर त्या घरातला माणूस घरात टिकत नाही, त्याचा पाय बाहेर ओढतो. हेमराज तेव्हा चोवीस वर्षांचा, असल्या बोलण्यावर विश्वास ठेवण्याचं वय नव्हतं, पण रीत ती रीत. आडं घोड्यांवर टाकून तो दोन दिवस वाकसानं तासत होता आणि मैना दर घडीला काही ना काही निमित्त काढून येत होती, कधी पाणी, कधी चहा, कधी नुसतंच काय करून राह्यले म्हणून विचारायला. बायको नवी होती आणि लाकूड वास मारत होतं. मधे एकदा लाकूड टोकाटोकानं फिरवलं ते तो विसरला आणि दक्षिणेच्या जाड खांबाची रुंद खाच त्यानं शेंड्याकडे पाडली. तिथं लाकूड अरुंद, एका अंगाची कपची उडाली तेव्हा त्याच्या ध्यानात आलं आणि हातातला वाकस तसाच राहिला.

दुसरं लाकूड मिळणं शक्य नव्हतं. तेवढ्या लांबीचं सागवान, सरकारी डेपोतून, किती खेटे घालून आणलेलं. त्यानं उडालेल्या जागी टेंभुर्णीचा तुकडा बसवला आणि आडं उलटंच चढवलं. शेंडा दक्षिणेला, चुलीच्या वर. बुंधा उत्तरेला, दाराकडे. बापाला दिसलं नाही. सांगितलं फक्त मैनेला, तेही हसत हसत, आणि तीही हसली. ती म्हणाली, "लाकडाले काय समजते जी, दक्षिण कुठी न उत्तर कुठी." दुसऱ्या एकालाच ते कळलं, इस्तारीकाकाला. गावातला बापाच्या बरोबरीचा सुतार, डावखुरा, बोलायला कंजूस. घरभरणीच्या जेवणाला पंगतीत बसताना त्यानं वर पाहिलं, टेंभुर्णीचा तुकडा कुठल्या टोकाला आहे ते पाहिलं, मग हेमराजकडे पाहिलं आणि भाताचं आळं करून त्यात वरण घेतलं. हेमराजला त्या दिवशी जेवण गेलं नव्हतं.

सहा वर्षांनी तो चंद्रपूरला आला. पाय कुणी ओढला नाही, काम ओढत होतं. सिमेंटच्या कारखान्यांचे साहेब आले होते, त्यांना पलंग, कपाटं, स्वयंपाकघराच्या ओट्याखालचे खण हवे होते, आणि गावात वर्षाकाठी दोन बैलबंड्या आणि चार नांगर. बाबूपेठेत खोली घेतली. मैनेला म्हणाला होता, एक बरी खोली भेटली की तुले नेतो. हे तो खोटं बोलला नव्हता. पहिल्या साली खोली लहान होती, दुसऱ्या साली खोलीत अर्धं लाकूड भरलं होतं, तिसऱ्या साली घरमालक बायामाणसं नको म्हणाला. नंतर नंतर कारण सांगावं लागलं नाही, कारण मैनेनं विचारणं सोडलं. तो पोळ्याला जाई, दिवाळीला जाई, मग नुसता दिवाळीला. मूलबाळ झालं नाही, त्यामुळे कुणी वाट पाहतंय असं त्याला वाटायचंच नाही. बघा म्हणजे कसा माणूस असतो. बाई वाट पाहते हे त्याच्या हिशेबातच नव्हतं. मैना कधी भांडली असती तर तो कदाचित तिला तडक घेऊन आला असता. पण तिनं दोषच दिला नाही. एकदा शेजारणीनं टोचलं तेव्हा ती म्हणाली होती, त्याइचा नाई, आड्याचा दोष हाय. हेमराजनं ते दाराबाहेरून ऐकलं आणि त्याला बरं वाटलं होतं. आज हॉलमध्ये गुडघ्यावर बसल्या बसल्या ते बरं वाटणं आठवून त्याला स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं.

अठ्ठ्याण्णव साली मैना घराला कुलूप लावून भावाकडे, बापूरावाकडे निघून गेली. सावलीच्या अलीकडे त्याची पाच एकर धानाची शेती. काही निरोप ठेवला नाही. तिथून सहा वर्षांत दोघांत बोलणं नाही, ना सोडचिठ्ठी ना काही. हेमराज मनाशी म्हणे, तिलाच जायचं होतं. हे वाक्य त्यानं इतक्यांदा म्हटलं होतं की ते त्याला खरं वाटायला लागलं होतं.

बिरजू पलीकडे पहिल्या तुळईवर घासकागद मारून पाहत होता. हेमराज उठला आणि आपल्या आड्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत गेला. त्याला खरं तर नुसता हात फिरवायचा होता. शेंडा काळाकुट्ट, टेंभुर्णीच्या ठिगळावर काजळीचं कवच बसलेलं. बरोबरच होतं, तो चुलीवर होता. गावच्या घरात मधल्या भिंती आड्यापर्यंत पोचत नाहीत, चुलीचा धूर वर चढतो आणि छपराच्या कवेलूंच्या फटींतून निघून जातो, त्यामुळे चुलीवरचं टोक काळं होतं, मधलं लाकूड तपकिरी आणि दाराकडचं जवळजवळ उघडं राहतं. तो मध्याशी आला तेव्हा लाकूड तपकिरी होतं. पुढे गेला. बुंध्याशी आला आणि थांबला. बुंधाही काळा होता. पिवळट नाही, तपकिरी नाही, चांगला काळा, हात लावला तर बोटांना लागेल असा.

चूल घरात एकदा मांडली की मांडली, ती जागा सोडत नाही. मैनेची तर नाहीच, तिनं ती स्वतः लिंपली होती. मग चुलीचा धूर उत्तरेच्या टोकाला गेला कसा? हेमराज खाली वाकला. बुंध्याची खाच त्यानंच पाडली होती, अरुंद, उत्तरेच्या खांबाच्या मापाची. ती आता अरुंद नव्हती. कुणीतरी मागाहून रुंद केली होती. त्याच्या जुन्या घावांवर नवे घाव होते आणि ते उलट्या अंगानं उतरत होते, उजव्या हाताच्या माणसाला तसे मारताच येत नाहीत. गावात डाव्या हातानं वाकस चालवणारा एकच माणूस होता. तो धावत शेंड्याकडे गेला. तिकडच्या रुंद खाचेत बांबूच्या पाचरी ठोकलेल्या होत्या, उत्तरेच्या बारीक खांबाच्या माथ्याचं कुसू त्यात घट्ट बसावं म्हणून. काम इतकं नेटकं की त्याला इस्तारीकाकाची बारीक डोळ्यांची नजर समोर दिसली. म्हणजे आडं उतरवलं होतं. सगळे कवेलू काढून, वासे सोडवून, ते खाली आणलं होतं, टोकाटोकानं फिरवलं होतं आणि पुन्हा चढवलं होतं. बुंधा दक्षिणेला. शेंडा उत्तरेला. जसं असायला हवं होतं तसं. हेमराज जागच्या जागी खाली बसला.

"काय झालं, हेमराजभाऊ?" बिरजूनं विचारलं. तो बोलला, काही नाही, पाय भरून आला.

कधी फिरवलं असेल ते त्याला शोधावं लागलं नाही. पंच्याण्णवचा उन्हाळा. दिवाळीशिवाय तो गावाला जात नसे, पण त्या साली वैशाखात मैनेचा निरोप आला, दोन दिवस तरी या. एवढा निरोप तिनं कधीच पाठवला नव्हता, म्हणून तो घाबरून गेला, तर घरात सगळं ठीक. उलट मैना नव्या लुगड्यात, डोक्याला तेल, तलावातल्या झिंग्यांची त्याच्या आवडीची भाजी. कवेलू नुकतेच फेरलेले, काढून पुन्हा रचलेले होते, ते त्यानं पाहिलं. दर उन्हाळ्यात सगळेच फेरतात, त्यात पाहायचं काय? तिनं बाज ओसरीवर न टाकता मधल्या घरात टाकली. एवढ्या उकाड्यात आत काऊन, तो म्हणाला, तर म्हणाली, इथंच बरं हाय. दुपारी ती बाजेजवळ खाली बसून चिंचा फोडत होती आणि मधेच तिनं विचारलं होतं, घरात काही फरक वाटत नाई तुमाले? त्यानं इकडे तिकडे पाहिलं. भिंती पाहिल्या, चूल पाहिली, कोनाडा पाहिला. भिंत सारवली वाटते, तो म्हणाला. ती थोडा वेळ त्याच्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, हो, सारवली. आणि चिंचा फोडू लागली. तिसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं तो निघाला तेव्हा ती फाट्यापर्यंत आली होती. असं ती आधी कधी आली नव्हती आणि पुन्हा कधी आली नाही.

माणसाचं डोकं अशा वेळी थांबत नाही, ते नको ते सगळं उकरून काढतं. हेमराजला दिसू लागलं की ती इस्तारीकाकाच्या अंगणात जाऊन उभी राहिली असेल, पदर डोक्यावर. काय म्हणाली असेल? मालकाचं चुकलं होतं असं तर ती मेली तरी म्हणणार नाही. काका, आडं फिरवून देता काय, एवढंच म्हणाली असेल. आणि त्या म्हाताऱ्यानं, तेरा वर्षं तोंड मिटून बसलेल्या माणसानं, एकही प्रश्न न विचारता वाकस खांद्याला लावला असेल. मोहल्ल्यातल्या दहा जणांना तिनं जेवण घातलं असेल. लाकडाला काय समजतं म्हणून हसणारी बाई. एक अख्खं घर तिनं डोक्यावरून उघडं केलं होतं, वैशाखाच्या उन्हात, त्याला परत आणायला. आणि तो आला, दोन रात्री झोपला, आणि जातीचा सुतार असून त्याला स्वतःच्या घराचं आडं दिसलं नाही. इस्तारीकाका दोन पावसाळ्यांआधी वारला. त्याला विचारायचीही सोय राहिली नव्हती, आणि विचारायचं तरी काय होतं?

संध्याकाळी तो बाबूपेठेच्या नाक्यावरच्या फोनच्या दुकानात गेला. बापूरावाच्या गावात किराणा दुकानात फोन होता, तो नंबर सहा वर्षं त्याच्या पाकिटात एका चिठ्ठीवर होता. दुकानदार म्हणाला, बोलावून आणतो, पंधरा मिनिटांनी लावा. हेमराज त्या काचेच्या खोक्यात तसाच उभा राहिला. बाहेर कुणी खोळंबलं होतं त्याला हातानं थांब म्हणाला. काय बोलायचं ते त्यानं चार वेळा मनात जुळवलं. पुन्हा लावला तेव्हा पलीकडे कुणीतरी आधीच उचलून धरून उभं होतं. श्वास ऐकू येत होता.

"मी हेमराज."

"हो," मैना म्हणाली.

जुळवलेलं सगळं विसरलं. तो म्हणाला, "आडं फिरवलं होतं तुनं."

पलीकडे तराजूत काहीतरी पडल्याचा आवाज आला, एक बाई हसली, एक बकरी ओरडली. फोन कटला की काय म्हणून त्यानं हॅलो म्हटलं.

"कोनं सांगतलं?"

"कोनी नाई. मी पाह्यलं." मग त्याला सांगावं लागलं, कुठे पाहिलं ते, डॉक्टरांच्या घरी टांगायला आलंय ते, पाव्हण्यांना दिसावं म्हणून. सांगताना आपण काय सांगतोय ते त्याचं त्याला ऐकू येत होतं.

"मी बाज त्याच्याच खाली टाकली होती जी," मैना म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "दोन राती तुमी उताने झोपले होते. डोये उघडे होते तुमचे. मी पाहून राह्यलो होतो."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"सांगतल्यावर कोनीबी पाह्यते."

काचेवर कुणीतरी टकटक केली. तो घाईघाईनं म्हणाला, "मी न्याले येतो तुले. उद्या येतो." ती बराच वेळ काही बोलली नाही, इतका की त्याला वाटलं ती खरंच विचार करते आहे, आणि तेवढ्या वेळात त्याच्या डोळ्यांपुढे बाबूपेठेची खोली झाडून झाली, लाकूड बाहेर निघालं, स्टोव्हशेजारी दुसरी ताटली लागली.

"आता घर कुठी हाय," मैना म्हणाली. "धानाचे रोवने सुरू हायेत इथी. नोका येऊ." आणि मग, जणू विसरलेली एखादी वस्तू मागे येऊन उचलावी तशी, म्हणाली, "दुखावू नोका ते लाकूड जास्त. इस्तारीकाकाच्यानं वाकस उचलला जात नोव्हता तवा." फोन तिनं ठेवला नाही. दुकानदाराला दिला, तो कोण, कोण म्हणत राहिला.

दुसऱ्या दिवशी पायल मॅडम आल्या. बाकीच्या चारही तुळयांना हात लावून त्यांनी मान डोलावली, हेमराजच्या आड्याशी मात्र जास्त वेळ थांबल्या. टेंभुर्णीचं ठिगळ त्यांना फार आवडलं, ते खालून दिसलं पाहिजे म्हणाल्या. काजळी सगळी काढायची, मधाच्या रंगाचं पॉलिश, टोकं काळी राहिली तर जळल्यासारखी दिसतात. हेमराजनं फक्त एवढंच विचारलं की टोक कोणतं कुठं घ्यायचं. मॅडमनी कागदातून मान वर काढली आणि हसून म्हणाल्या, कसंही घ्या ना, दोन्हीकडून सारखंच दिसणार आहे. बिरजू मशीन घेऊन पुढे आला तर हेमराजनं त्याला बाकीच्या चारवर पाठवलं. हे लाकूड त्यानं हातानं घासलं. सोड्याचं पाणी, नारळाची शेंडी, मग काचेच्या तुकड्यानं खरवडून. शेंड्याची काजळी जाडजूड होती, तेरा वर्षांची, खपलीखपलीनं निघाली. बुंध्याची पातळ, तीन वर्षांची. तीच निघायला जड गेली. त्या तीन वर्षांत ती एकटीसाठी चूल पेटवत होती आणि धूर बरोबर जागी लागत होता. बादलीतलं पाणी काळं झालं, त्यानं बाहेर नेऊन बागेच्या मातीत ओतलं, पुन्हा भरली. संध्याकाळपर्यंत दोन्ही टोकं सारखी पिवळी निघाली. आता जगातल्या कुठल्याच सुताराला चूल कोणत्या टोकाखाली होती ते सांगता आलं नसतं.

तिसऱ्या दिवशी आडं चढवलं. बुंधा दक्षिणेच्या भिंतीकडे, शेंडा उत्तरेकडे. बिरजूनं शिडीवरून बोल्ट आवळले, हेमराज खालून सांगत होता, थोडं डावीकडे, बस्स. सगळं झाल्यावर रेघ बरोबर आली की नाही ते पाहायला तो नव्या फरशीवर उताणा पडला. असं पडूनच पाहायचं असतं, उभ्यानं डोळा फसतो. फरशी गार होती. काळं ठिगळ उत्तरेला, जिथं ते त्या दोन रात्री होतं, अगदी तिथंच. डॉक्टर आणि त्यांची बायको दारात येऊन उभी राहिली आणि मान वर करून वा वा म्हणाली. बिरजू शिडीवरून म्हणाला, "हेमराजभाऊ, बरोबर हाय काय?"

"बरोबर हाय," हेमराज म्हणाला.

बिरजू खाली उतरला, शिडी मिटली, बोल्ट आवळायचे पाने गोळा केले, आणि उठा न आता, म्हणाला. हेमराज उठला नाही. डोळे उघडे ठेवून तो वर पाहत राहिला.